हवा बदलली आहे का?



शाळेत दरवर्षी तुम्हांला पर्यावरणाचा एक प्रकल्प करावा लागतो. कोणी परिसरातील झाडांची यादी करतो, कोणी घरातील कचरा तोलून पाहतो. या पाठात आपण जरा निराळ्या प्रकल्पाची माहिती घेणार आहोत. तो आहे सर्वेक्षणाचा. विषय आहे हवामान बदल. आपल्या गावातील माणसांना या बदलाविषयी काय वाटते, त्यांनी काय पाहिले आहे, हे त्यांना विचारून लिहून काढायचे. एकट्याने हे काम होत नाही. त्याला पाच-सहा जणांचा गट लागतो.

गाव म्हणून आपण मालेगाव घेऊ. नाशिक जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे शहर आहे. मोसम नदी शहरातून वाहते आणि पुढे गिरणेला मिळते. नदीच्या एका काठाच्या मोहल्ल्यांत उर्दू जास्त ऐकू येते, तर दुसऱ्या काठाला, कॅम्पाच्या बाजूला, मराठी. आसपासच्या खेड्यांतून कांदा आणि डाळिंब घेऊन येणारे शेतकरी अहिराणीही बोलतात. उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांच्या वर जातो. हवामानाविषयी लोकांना विचारायचे, तर याहून चांगली जागा कोणती? तुम्ही भिवंडीचे, छत्रपती संभाजीनगरचे किंवा अकोल्याचे असाल, तर तुमचे मोहल्ले डोळ्यांसमोर आणा.

आधी थोडे विज्ञान पाहू. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड हा वायू हवेत जातो. पृथ्वीवरून बाहेर पडणारी उष्णता हा वायू काही प्रमाणात अडवून धरतो. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा पर्वत आहे. तेथे १९५८ पासून या वायूचे सतत मोजमाप होत आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. मोजमापे सुरू झाल्यापासूनच्या वर्षांत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. भारतापुरते बोलायचे, तर १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. एवढे तुम्हांला माहीत असले की पुरे. हे ज्ञान लोकांना शिकवायला आपण निघालेलो नाही. ते दप्तरात ठेवा आणि दारात रिकाम्या मनाने उभे राहा.

आता खरी अडचण येते ती शब्दांची. मराठीत भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' आणि 'हवामान' हे दोन वेगळे शब्द आहेत. आज ऊन आहे, संध्याकाळी पाऊस आला, ही झाली हवा. एखाद्या प्रदेशातील हवेची अनेक वर्षांची सरासरी स्थिती म्हणजे हवामान. ही सरासरी साधारणपणे ३० वर्षांची धरतात. पण वर्तमानपत्र उघडा. तेथे उद्याच्या पावसाच्या बातमीलाही 'हवामानाचा अंदाज' असेच म्हटलेले असते. म्हणजे बोलण्यात एकच शब्द दोन्ही कामे करतो. उर्दूत तुम्ही रोजच्या हवेला 'मौसम' म्हणता आणि हवामानाला 'आबोहवा'. हवामान बदलाला उर्दू वर्तमानपत्रे 'मौसमियाती तबदीली' लिहितात. आणि उर्दूत नुसती 'हवा' म्हणजे तर वारा! मराठी प्रश्नातील 'हवा बदलली आहे का?' हे वाक्य जसेच्या तसे उर्दूत विचारले, तर ऐकणारा पंख्याकडे पाहील.

मौसम हा शब्द मोठा प्रवासी आहे. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ, ऋतू. मराठीत तो 'मोसम' झाला. त्यावरून आपण मोसमी वारे, मोसमी पाऊस असे म्हणतो. पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून तो युरोपात गेला आणि इंग्रजीत 'मान्सून' होऊन परत आपल्याकडे आला. 'आबोहवा' या शब्दात पाणी आणि हवा एकत्र आहेत. मराठी माणूसही 'त्या गावचे हवापाणी मला मानवले' असे म्हणतो. पाहा, दोन्ही भाषांनी एकच जोडी निवडली आहे. तुमच्या प्रश्नावलीत असेच शब्द हवेत. पुस्तकी शब्द जितका जड, तितके उत्तर हलके मिळते.

हे मी उगीच सांगत नाही. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतात एक मोठे सर्वेक्षण करवून घेतले होते. सुमारे ४,००० प्रौढांना जागतिक तापमानवाढीविषयी विचारण्यात आले. त्यांपैकी ४१ टक्के लोकांनी ही गोष्ट कधी ऐकलीच नाही किंवा माहीत नाही असे सांगितले. आपल्याला पुष्कळ माहिती आहे असे म्हणणारे अवघे ७ टक्के होते. मग प्रश्न विचारणाऱ्यांनी सोप्या शब्दांत दोन ओळींची ओळख करून दिली : गेल्या काही काळात जगाचे तापमान वाढत आहे आणि त्यामुळे हवामान बदलू शकते, अशी. त्यानंतर ७२ टक्के लोक म्हणाले, होय, असे घडत आहे असे आम्हांला वाटते. माणसे तीच, दिवस तोच. बदलला तो प्रश्न. पहिल्या उत्तरावरच संशोधक थांबले असते, तर भारतातील लोकांना याची काहीच जाणीव नाही, असे जगाला वाटले असते.

आमच्या शाळेतील नववीच्या एका गटालाही असाच अनुभव आला. त्यांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या एका वयस्क कामगाराला विचारले, "चचा, मौसमियाती तबदीली के बारे में आपने सुना है?" चचांनी मान हलवली. मुलाने 'माहीत नाही' या चौकटीत खूण केली आणि तो निघाला. तेवढ्यात चचाच बोलू लागले. पूर्वी उन्हाळ्यात रात्रपाळी बरी वाटायची. बारा तास उभे राहायचे, पण पहाटेचा वारा अंगाला लागायचा. आता पहाटे तीनलाही घाम थांबत नाही. हब्स इतका, की श्वास कोंडतो. घरी जाऊन झोपावे, तर दिवसा पत्र्याखाली झोप येत नाही. डोळ्यांवर झोप घेऊन चालत्या यंत्राजवळ उभे राहणे म्हणजे हात गमावण्याचे भय. त्यांनी हे सारे सांगितले आणि मुलाच्या कागदावर मात्र 'माहीत नाही' एवढेच होते.

विचार करा. उष्ण रात्रींची संख्या भारतात वाढली आहे, हे शास्त्रज्ञांच्या नोंदी सांगतात. चचांनी तीच गोष्ट स्वतःच्या अंगावर घेऊन सांगितली. तो कागद तसाच राहिला असता, तर अहवालात ते अडाणी ठरले असते आणि त्यांची झोप कोणाच्याही हिशेबात आली नसती. उद्या महानगरपालिकेने किंवा कारखानदाराने असा अहवाल वाचला, तर 'लोकांना काही त्रास दिसत नाही' असे म्हणायला तो मोकळा! म्हणून त्या गटाने घरी येऊन प्रश्नावली पुन्हा लिहिली.

प्रश्नावली लिहिताना पहिली गोष्ट ही, की 'हवामान बदल' हे शब्द शेवटच्या प्रश्नापर्यंत आणू नका. आधी डोळ्यांनी पाहिलेले विचारा. उन्हाळ्याच्या रात्री पूर्वीपेक्षा जास्त गरम वाटतात, कमी, की तशाच? नळाला पाणी किती दिवसांनी येते? पावसाळ्याची सुरुवात वेळेवर होते का? नंतर कारण विचारा. त्यानंतर, 'मौसमियाती तबदीली हा शब्द ऐकला आहे का?' आधीच तो शब्द उच्चारला, तर पुढची सगळी उत्तरे त्याच रंगात न्हाऊन निघतात.

'पूर्वी' हा शब्दही फसवा आहे. वीस वर्षांच्या मुलाचे पूर्वी आणि सत्तर वर्षांच्या आजीचे पूर्वी एक कसे असेल? म्हणून त्याला खुंटी द्या. महाराष्ट्रातील वृद्ध माणसांना १९७२ चा दुष्काळ विसरलेला नाही. मुंबईशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना २६ जुलै २००५ आठवते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. शेतकऱ्यांना २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आठवते, आणि २०२० ची टाळेबंदी तर सर्वांनाच. "तुमचे लग्न झाले त्या वर्षांत उन्हाळा कसा असायचा?" हाही उत्तम प्रश्न आहे. खाला आधी हसतील, मग नीट आठवून सांगतील.

आता हा प्रश्न वाचा : 'कारखान्यांच्या धुरामुळे हवामान बिघडले असून पाऊस कमी झाला आहे, हे आपल्याला मान्य आहे ना?' यात किती दोष आहेत? एका प्रश्नात तीन गोष्टी कोंबल्या आहेत. कारण आपणच सांगून टाकले आहे. आणि शेवटी तो 'ना'! दारात आलेल्या लेकराला नाही म्हणायला कोणाला आवडते? समोरचा माणूस 'हो बाबा' म्हणून मोकळा होतो. त्याच्या होकाराला मग काही किंमत उरत नाही. प्रत्येक प्रश्नाखाली 'सांगता येत नाही' ही चौकट अवश्य ठेवा, आणि तिच्याखाली दोन रिकाम्या ओळी. चचांसारखी माणसे त्या ओळींत सापडतात.

प्रश्नावली छापण्यापूर्वी ती आठ-दहा माणसांवर वापरून पाहावी. याला पूर्वचाचणी म्हणतात. ही पद्धत रूढ करण्यात प्रशांतचंद्र महालनोबीस या भारतीय संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९३१ मध्ये कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. बंगालमध्ये तागाचे पीक किती क्षेत्रावर आहे, हे काढण्यासाठी सगळी शेते न मोजता निवडक शेते मोजून त्यांनी अंदाज बांधले. मोठ्या कामापूर्वी लहान चाचणी घेण्यावर त्यांचा भर असे. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या मागेही तेच होते. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, आपल्या देशात संख्याशास्त्र दिन म्हणून पाळला जातो.

विचारायचे कोणाला? जास्तीत जास्त लोकांना, असे तुम्ही म्हणाल. पण संख्येने सर्व काही साधत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यांपैकी तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने सांगितले, की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यांत रूझवेल्ट जिंकले! पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून. त्या मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार कोणाकडे होती? सुखवस्तू माणसाकडे. शिवाय ज्यांना उत्साह होता, त्यांनीच उत्तरे पाठवली. गरिबांचे मत त्या तेवीस लाखांत पुरेसे आलेच नाही.

मालेगावातही हीच चूक सहज होऊ शकते. यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते. जुम्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर उभे राहिले, तर तासाभरात पन्नास फॉर्म भरून होतील. पण त्यांत एकही स्त्री नसेल. पाण्याचे हंडे भरणारी, दुपारी चुलीजवळ किंवा गॅसजवळ उभी राहणारी, आजारी मुलाला रात्रभर वारा घालणारी ती. उन्हाळ्याविषयी तिला जितके माहीत आहे, तितके बाहेर चहा पीत बसलेल्या कोणालाही नसेल, असे मला तरी वाटते. गटातील मुलींनी घराघरांत जाऊन हे काम करावे. कामगारांना पाळी बदलण्याच्या वेळी गाठावे. नदी ओलांडून कॅम्पात जावे. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांना भेटावे. प्रत्येक मोहल्ल्यातील प्रत्येक दहावे घर घ्यायचे, असा नियम आधीच ठरवून घेतला तर आणखी चांगले. मग ओळखीच्या घरांतच जाण्याचा मोह होत नाही.

नदीपलीकडे आणि बाजारात तुमची मराठी कामाला येईल. वर्गात ती गुणांसाठी असते, तेथे ती कानांसाठी लागते. "आप्पा, जरा पाच मिनिटे देता का? आम्ही शाळेतून आलो आहोत," असे आदराने म्हणा. शेतकरी तुम्हांला अंशांत किंवा मिलिमीटरमध्ये उत्तर देणार नाही. तो म्हणेल, "मृग कोरडाच जातो आता." हे वाक्य समजले पाहिजे. मराठी शेतकरी पावसाचा काळ नक्षत्रांनी मोजतो. एक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचे असते. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि त्यावर पेरणीची आशा असते. मृग कोरडा गेला, म्हणजे पेरणी लांबली, म्हणजे कर्ज फेडण्याची तारीखही लांबली. 'अवकाळी' हा शब्दही नोंदवून घ्या. वेळ नसताना आलेला पाऊस तो अवकाळी. काढून ठेवलेला कांदा भिजवतो तो हाच. असे शब्द अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे लिहावेत. त्यांचे भाषांतर घरी आल्यावर करता येते.

काही उत्तरे ऐकून तुम्हांला वाटेल, की हे चूक आहे, आपण सुधारून सांगावे. कोणी सांगेल, ओझोनच्या थराला भोक पडले म्हणून गरम होते. (हा गोंधळ तुमच्यापैकीही अनेकांच्या उत्तरपत्रिकेत दिसतो. ओझोनचा प्रश्न वेगळा. त्याला कारण असलेल्या रसायनांवर बंधन घालणारा करार १९८७ मध्ये माँट्रियल येथे झाला.) कोणी प्लॅस्टिकला दोष देईल. अनेक जण म्हणतील, "अल्लाह की मर्जी है, बेटा." बाजारातील शेतकरी म्हणेल, "देवाची करणी, दुसरे काय?" दोन्ही उत्तरे एकाच रांगेत लिहा, हसू नका, वाद घालू नका. आणि नंतर विनयाने पुढचा प्रश्न विचारा : "पण काय काय बदललेले तुम्ही पाहिले?" ज्याने मर्जीवर सोडले आहे, त्याचे डोळे काही मिटलेले नसतात. तोच माणूस तुम्हांला विहिरीची खोली वर्षावार सांगेल.

फॉर्मवर नाव लिहू नका. वय, काम, मोहल्ला आणि गावात राहून किती वर्षे झाली, एवढे पुरे. सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे. ती कोणी सांगितली, हे गटाबाहेर जाता कामा नये. कामगाराने कारखान्याविषयी काही सांगितले असेल, तर हे आणखीच जपले पाहिजे. फॉर्मच्या कोपऱ्यात तारीख आणि त्या दिवसाचे तापमान मात्र लिहा. याचे कारण मजेदार आहे. ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त उकडते, त्या दिवशी विचारले, तर 'जगाचे तापमान वाढत आहे' असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढते, असे संशोधकांना आढळले आहे. माणसाचे मत पाऱ्याबरोबर थोडे वर-खाली होते.

म्हणूनच लोकांचे सांगणे आणि यंत्राची नोंद शेजारी शेजारी मांडावी लागते. भारतीय हवामान खाते १८७५ पासून काम करत आहे आणि मालेगावचे तापमानही त्याच्या नोंदींत असते. वर्तमानपत्रात रोज कमाल आणि किमान तापमान येते. गटातील एकाने त्याची वही ठेवावी. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक वर गेले असेल, तर हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. लोक मात्र 'लू लागली' म्हणतात, ते अंश पाहून म्हणत नाहीत. दोन्ही नोंदी जुळल्या तर छान. जुळल्या नाहीत, तर कोणाला खोटे ठरवण्याची घाई करू नका. हवामान खात्याचा थर्मामीटर मोकळ्या जागेत, सावलीच्या पांढऱ्या पेटीत असतो. चचा पत्र्याखाली असतात. मोहल्ल्यातील कडुलिंब तुटला असेल, अंगणात काँक्रीट आले असेल, शेजारी आणखी माग बसले असतील. त्यांना जाणवलेल्या उष्णतेत जगाचा वाटा किती आणि गल्लीचा किती, हे वेगळे करणे कठीण आहे, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

फॉर्म जमले, की ताळ्याच्या खुणा करून उत्तरे मोजा. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, हे तुम्ही गणितात शिकला आहात. समजा, ४० जणांपैकी २५ जणांनी रात्री अधिक गरम होतात असे सांगितले. 'मालेगावातील ६२.५ टक्के लोकांना असे वाटते' हे वाक्य दिसायला भारदस्त आहे, पण ते लिहू नका. ४० माणसे म्हणजे मालेगाव नव्हे. 'आम्ही ज्या ४० जणांना विचारले, त्यांपैकी २५ जण असे म्हणाले' एवढेच लिहा. स्त्रिया, कामगार, शेतकरी यांची उत्तरे वेगवेगळी मोजा. एकत्र केल्याने जे झाकले जाते, ते तेथे दिसते. आणि तक्त्यांच्या नंतर चार-पाच पाने त्या रिकाम्या ओळींतील बोलण्यासाठी राखून ठेवा.

अहवाल उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत तयार करा. ज्या मोहल्ल्यांत गेला होता, तेथे जाऊन तो वाचून दाखवा. "मी असे म्हणालो नव्हतो" असे कोणी म्हणाले, तर तेही समासात लिहून घ्या. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. फॉर्मची कोरी प्रत, घरे निवडण्याचा नियम आणि तापमानाची वही तिला जोडा. पुढच्या वर्षीच्या नववीला तेच प्रश्न, त्याच मोहल्ल्यांत, त्याच महिन्यात विचारता येतील.